लाल दोऱ्याचा कॅन

हॅलो?… हो, पद्मजाच बोलतेय. कॉलेजच्या प्रयोगशाळेतून… कोण? मुक्ताबाई! अहो, जरा हळू. हडपसरहून कर्वेनगरला फोनशिवायही पोचेल तुमचा आवाज.

हो, आला ना रिपोर्ट… उत्तम आलाय. तुमच्या दोन्ही दुधाच्या कॅनमध्ये बोळा फिरवून बघितलं. पांढऱ्या दोऱ्याचा, नुसत्या पाण्याने विसळलेला… त्यात जंतूंचा थर. बायोफिल्म… अहो, तो बुळबुळीतपणा हो, हाताला लागतो तो. जंतू एकमेकांना धरून बसतात, पाण्याने हलत नाहीत. आणि लाल दोऱ्याचा, महिनाभर लवंगेच्या अर्काने विसळलेला… स्वच्छ! काही म्हणजे काही नाही.

सभा उद्या अकरा वाजता हो. चाळीस दूधवाले येणारेत. कॅन गरम सोड्याने धुणं बंद करा, लवंग वापरा, असं सांगणार… आठ वर्षं घातलीत मी यात. काचेच्या नळीत थर जातो, ते कधीच कळलं होतं. खऱ्या कॅनमध्ये जातो का, ते पहिल्यांदा…

काय सांगायचं राहिलं?… बोला की.

घासला? कोणता?… लाल दोऱ्याचा. कधी?… माझ्याकडे पाठवायच्या आधी. कशाने?… गरम सोड्याने. वा.

नाही, चिडले नाही. माझा आवाजच असा आहे… पण का, मुक्ताबाई?… लवंगेचा वास मारत होता. बरं… लोकाच्या दारी वासाचं भांडं पाठवू नये, सासूबाईंची शिकवण. हो, पण प्रयोगशाळेच्या दारीसुद्धा?… आणि मग पांढरा का नाही घासलात?… त्याला वास नव्हता. बरोबर. नुसते जंतू होते.

अहो, रडताय काय… ऐका ना. ऐका, मुक्ताबाई. तुम्ही गप्प बसला असतात तर मला कळलंही नसतं. चाळीस जणांनी सोडा बंद केला असता. ते दूध लहान पोरं पितात… नाही, लवंग वाईट असं नाही म्हणत. थर लवंगेने गेला की तुमच्या सोड्याने, ते मला माहीत नाही. आठ वर्षांनंतरही… हो, वाईट वाटतंय. खूप वाटतंय. न वाटायला काय झालं?

पुन्हा महिनाभर. हो, तुमच्याच कॅनमध्ये… आणि पाठवताना हात लावायचा नाही. असेल तसा पाठवा, वासासकट… लाज कसली त्यात?

सभा? होणार ना. सोडा चालू ठेवा, एवढंच सांगणार… नाही हो, तुमचं नाव कशाला घेईन? माझंच घेणार… का म्हणजे? महिनाभर लवंगेने विसळलेला कॅन मी स्वतः उघडला, आणि त्याला लवंगेचा वास नव्हता. हे मी वहीत लिहिलंय… अहो, खरंच. "वास राहत नाही, छान." खाली दोन रेघाही मारल्यात.

ठेवते आता.