टोचून राहिलं, बाप्पा!

...अवो, वाकडा नाई बसलो मी, मले असंच बसावं लागते! काहून म्हणजे? तुमी अमरावतीवाले लग्नाच्या मांडवात गादीवर लोळून इचारता, 'महादेवराव, कॅनडा कसा होता? मजा आली असन!' मजा! तुमाले सांगतो, त्या मजेचं नाव काढलं की अजून माह्या छातीत टोचते. चाय येऊन राहिली? येऊ द्या, मी सांगतोच...

आमचा नितेश तिकडे नोकरीले. गेलो आमी दोघं, मी अन् मैनाबाई. म्हतलं मोठमोठ्या बिल्डिंगी दाखवन, एखांदा धबधबा दाखवन. तं पोरगा म्हणते, 'बाबा, आपण गाडी घेऊन वर उत्तरेत जाऊ, सोन्याच्या मुलखात! तिथं सव्वाशे वर्षांआधी नदीच्या रेतीत सोनं सापडलं, अन् सारी दुनिया घरदार सोडून धावली!' म्हतलं, आता हाय का काई? तं म्हणे, 'आता काय, थोडंफार. पण रस्ता पाहा तुमी, रस्ता!'

रस्ता? गिट्टी पसरवली अन् रोलर फिरवाचं इसरले, त्याले हे लोक रस्ता म्हणतात! ना गाव, ना टपरी, ना मोबाइलचा टावर. दिवसभर गाडी चालवा, माणूस दिसत नाई, दिसलं तं अस्वल दिसते! काचेवर गोटा बसला, टायर फुटलं, अन् नितेश हासून म्हणते, 'बाबा, हेच तं अॅडव्हेंचर आहे!' अरे बाप्पा, अॅडव्हेंचरच पायजे होतं तं बाळापूरले आपल्या वावराचा पांदण रस्ता काय वाईट होता? पावसाळ्यात बैलं बी नाई म्हणतात त्या रस्त्याले! तेवढ्यासाठी इमानात बसून पाय सुजवाचे?

अन् एका सकाळी निघालो, तं पयल्याच खड्ड्यात माह्या छातीत टोचलं. डाव्या बाजूले. म्हतलं गॅस असन. दुसरा खड्डा... पुन्हा टोचलं! सून इचारते, आकांक्षा, 'बाबा, डावीकडे का?' म्हतलं, डावीकडेच. झालं! दवाखाना कुठं? तं म्हणे डॉसन नावाच्या गावात, नदीच्या पल्याड, अन् तिथं पोचाले अजून अर्धा दिवस! तुमाले सांगतो, तिथं मी पयल्यांदा भेलो. खोटं काहून बोलू? म्हतलं, महादेवा, इथं काई झालं तं खांदा द्याले चार माणसं पायजेत, अन् आमी इनमिन चौघं, त्यात एक मीच!

मैनाबाईचं तिसरंच. नितेशनं सोन्याच्या गोष्टी सांगितल्या ना, लोक कसे येडे झाले, कसे एकमेकाच्या जिवावर उठले... ते ऐकून हिनं गळ्यातलं डोरलं काढलं! म्हणे, 'सोन्याच्या मुलखात सोनं घालून फिरावं का कोणी?' अवो, ते माह्या मायनं तिच्या गळ्यात घातलेलं डोरलं. मरताना मायनं तेच हातात धरलं होतं, म्हणे, 'मैना, हे जपजो.' आता ही जपून राहिली! आधी पिशवीत, मंग चिवड्याच्या डब्यात, मंग बुटात, मंग पदराच्या गाठीत... मुक्काम बदलला की जागा बदलली. त्यात हिची चतुर्थी! चंद्र निघाल्याशिवाय जेवत नाई, अन् तिथं उन्हाळ्यात सूर्यच मावळाले तयार नाई! 'अवो, दिवा कधी लावू? चंद्र कधी निघन?' म्हतलं, त्या अस्वलाले इचार! उपाशी माणसाचं डोकं चालते का, तुमीच सांगा. अन् इकडे माह्या छातीत टोचून राहिलं!

आली एकदाची नदी. युकॉन. आपल्या कौंडण्यपूरची वर्धा हाय ना, तिच्या कैकपट, अन् पुलाचा पत्ता नाई. बोटीवर गाडी चढवली. आता नदी ओलांडाची म्हणजे नाणं टाकलंच पायजे, नाई का? मैनाबाईनं पदराची गाठ सोडली, हळदी-कुंकू, नाणी, सारं मुठीत घेतलं, डोळे मिटले, 'माय, ह्यांची छाती सांभाळ वो,' अन् देल्लं भिरकावून! डोळे उघडले. पदर चाचपला. अन् जे किंचाळली...

'अवो! माहं डोरलं!'

सारी बोट गोळा झाली. पिशवी उलटली, चिवडा उलटला, बूट झटकले. नाई! ती मटकन खाली बसली. रडत म्हणे, 'सासूबाईनं काय सांगितलं होतं मले, काय सांगितलं होतं...' बोटीवरचा दाढीवाला बाप्या नितेशले काई तरी म्हणाला. म्हतलं, काय म्हणते रे? तं म्हणे, 'बाबा, तो म्हणतो, इथं लोक नदीतून सोनं काढाले येतात. नदीत सोनं टाकणारी बाई त्यानं पयल्यांदा पायली.'

हासू नका बे! माह्या डोळ्यात पाणी होतं तवा. मले माय दिसत होती. म्हतलं, डोरलं गेलं, आता मी बी जातो. आकांक्षानं धरून दवाखान्यात नेलं. नर्स आली, धिप्पाड बाई. खुणेनं म्हणे, कपडे काढ. बाकी सारं काढलं, पण बंडी नाई. मैनाबाईची ताकीद होती, 'थंडी हाय, नवी बंडी शिवली, अंगावरून काढाची नाई.' नर्सले काय त्याचं? तिनं ओढली बंडी वर... अन् आतल्या चोरखिशातून, टण्णकन, फरशीवर...

डोरलं!

दोन टोकदार वाट्या, माह्याकडेच पाहून राहिल्या! मैनाबाई म्हणे, 'अगं बाई... पदराची गाठ ढिली वाटली म्हून तुमच्या बंडीत टाकलं होतं, मीच इसरली!' आता बोला! नर्सनं यंत्र लावलं, कागद निघाला, नितेशनं वाचला अन् मले मिठीच मारली. 'बाबा, हार्ट एकदम ठणठणीत!' मैनाबाई रडे बी, हासे बी. काय सांगू, असं हलकं मले जिनगानीत वाटलं नव्हतं. दुनिया मरमर करून सोनं शोधाले तिथं गेली, अन् मी घरचंच सोनं छातीवर घेऊन त्या गिट्टीवरून अस्वलं पाहात फिरलो! परतीच्या रस्त्याले तेच खड्डे, पण मी गाणं म्हतलं गाडीत. वाटलं, सुटलो!

सुटलो कुठं? आज सकाळी बाळापूरहून निघालो, तं मैनाबाई डोरलं घेऊन उभी. म्हतलं, घाल की गळ्यात, लग्नाले चाललो. तं म्हणे, 'एसटीत गर्दी असते. मांडवात गेल्यावर घालीन. जगात पक्की जागा एकच सापडली मले.' अन् आली ते इहिणींच्या घोळक्यात गेली... इसरली!

म्हून वाकडा बसलो, बाप्पा. टोचून राहिलं!