भिंत उजव्या हाताला

...आणि वर मलाच विचारतो, "अझांग-ले, विरळ हवेनं डोकं फिरलं का तुमचं?" अहो, अठ्ठ्याहत्तर वर्षं याच हवेत काढली मी, आता फिरायचं काय शिल्लक राहिलंय? आणि बोलतो कोण, तर मुटुप! माझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. अझांग म्हणजे मामा ना, मग मामा म्हणून काही मान? तो टॅक्सी चालवतो, मी शेजारी बसून पाहुण्यांना गोंपा म्हणजे आमचे मठ, डोंगर, सरोवर समजावून सांगतो. डॉक्टरेट जुन्या शिलालेखांची, आणि काम हे! दिवसात सात ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी आजोबांना हाक, "मेमे, इथं प्राणवायू किती टक्के?" आहे तेवढा घ्या ना बाबा!

पण भांडण त्याचं नाही. भांडण मणीभिंतीचं. तुम्हाला सांगतो, थारलिंग गोंपाच्या उतारावर आमची भिंत आहे, मंत्र कोरलेल्या दगडांची, चांगली तीनशे पावलं लांब. ती उजव्या हाताला ठेवून चालायचं, जातानाही आणि येतानाही, म्हणून वाट दोन्ही अंगांनी. पण सडक करणाऱ्या शहाण्यांनी सडक केली एकाच अंगानं! वर जाताना ठीक, उतरताना भिंत डावीकडे. मग मी काय करतो? भिंतीच्या वरच्या टोकालाच गाडीतून उतरतो, नदीकडच्या जुन्या वाटेनं काठी टेकत खाली येतो, तोवर गाडी खाली थांबते. बारा मिनिटं! जग बुडालं का?

त्या अंगाला आंगमोचा दगड आहे. आंगमो म्हणजे माझी बायको, तिच्या नावानं मंत्र कोरून ठेवलेला. ती होती तेव्हा ती चालत यायची आणि मी, शिकलेला माणूस, गाडीत बसून हसायचो. "अगं, दगडाला डावं-उजवं कळतं का?" ती म्हणायची, "दगडाला कशाला कळायला हवं? तुम्हाला कळलं म्हणजे पुरे." आता ती नाही, दगड आहे. माझा विश्वास आहे का या सगळ्यावर? खरं सांगू... माहीत नाही. पहाटे वाटतो, दुपारी वाटत नाही. पण भिंत उजव्या हाताला म्हणजे उजव्या हाताला!

तर गेल्या महिन्यात एके दिवशी मुटुपनं बजावलं. "अझांग-ले, तुमच्या बारा मिनिटांपायी पाहुण्यांचा सरोवरावरचा सूर्यास्त हुकतो. आज उतरलात, तर उद्यापासून घरी बसा. फोनमध्ये माहिती सांगणारा माणूस मिळतो. तो उतरत नाही, खोकत नाही, मध्येच रुसत नाही." म्हणजे घरी बसलो, की गोंपा गेला, भिंत गेली, आंगमोचा दगडही गेला... गुडघे घेऊन तिथवर चालत जाणार आहे का मी?

गाडीत कोइंबतूरच्या सिवगामीबाई, निवृत्त शिक्षिका, आणि त्यांचे यजमान. गोंपाहून खाली येताना बाईंनी विचारलं, "हे डोंगर असे लाटांसारखे का दिसतात?" झालं! मी सुटलो. "बाई, इथं समुद्र होता, हे सगळं त्याच्या तळाशी..." सांगतोय, सांगतोय, हातवारे करतोय, आणि बाहेर बघतो तर भिंतीखालचा पूल! भिंत गेली! डावीकडून गेली!

"थांब! मागे घे!"

"अझांग-ले, वळवायला जागा नाही!"

"मग उलटी घे!"

यजमान घाबरले. "काय झालं? दरड आली का?" मी म्हटलं, "नाही, भिंत गेली!" ते आणखीच घाबरले.

मुटुप शिव्या गिळत गाडी मागे घेतोय आणि मला निराळीच शंका. गाडी चाललीय वर, पण माझं तोंड खाली! म्हणजे भिंत अजून माझ्या डावीकडेच की! आता काय करायचं? कुठल्या ग्रंथात लिहिलंय हे? शेवटी सीटवर गुडघे टेकले आणि मागे तोंड करून बसलो, यजमानांच्या नाकाला नाक लावून. ते आमच्या बोलीत नमस्कार म्हणाले, "जुले." मीही म्हटलं, "जुले." दुसरं काय म्हणणार?

वर पोचलो, दार उघडलं.

"उतरलात ना? मग उद्या घरी!"

"बसतो घरी! भिंत उजव्या हाताला म्हणजे उजव्या हाताला!"

निघालो. मागे पावलं वाजली. सिवगामीबाई! आंगमोच्या दगडापाशी मी थांबलो, त्याही थांबल्या. मी दगडावरची धूळ पुसली, त्यांनी पदरानं कोपरा पुसला. खाली आल्यावर मुटुपला म्हणाल्या, "सातही ठिकाणं राहू द्या, मला हेच आवडलं."

जिंकलो ना मी? जिंकलोच! दुसऱ्या दिवशी मुटुपनंच गाडीवर नवी यादी लावली: आठवं ठिकाण, 'मेमेंची भिंत, बारा मिनिटं'. आता रोज उतरतो, हक्कानं! मागे दहा-दहा माणसं, दुसऱ्या गाड्यांतलीसुद्धा. आणि दगडापाशी वाकलो, की कोणीतरी ओरडतं, "मेमे, जरा उलट्या बाजूनं चालत या ना, फोटोला उजेड तिकडून छान आहे!"

चाललो का? छे! पाय गेले आपल्या रीतीनंच. मान तेवढी वळवून दिली.