पोटावरचं निंबू

— हाव, इकडं. आवाज येऊन राह्यला ना? मान हालव. बरं. सन एकोणीसशे चौतीस, श्रावण, नागपंचमीचा दिवस, ऊन उतरतीले लागलेलं — हे मोठ्यानं सांगून ठेवतो, म्हणजे मी मेलो तं पाटलाले नोंदवायले सोपं जाईन. हसू नको. डोळ्यावर पट्टी अन् हातात दुधारी पात्याचा पट्टा असताना माणसानं हसू नाई, पुंज्या. बोलायचं बी नाई तुले. आपल्या आखाड्याचा रिवाजच तसा — पट्टेवाला मुका, अन् मातीत निजला त्यानं बोलत राहायचं. आवाजावरून तोंड कुठं ते कळते, तोंडावरून पोट, अन् पोटावर निंबू. निंबू कापलं की तू वस्ताद. अमडापूरचे अन् देऊळघाटचे वस्ताद फेटा घेऊनच बसले आहेत. आज घरोघर बायका भाजी बी चिरत नाईत, विळीले हात लावत नाईत — अन् इथं उकंडरावाचं पोट उघडं! या उकंडरावाले इतकं बोलताना जन्मात कोणी ऐकलं नसन. घरात माझे दोनच शब्द — 'वाढ' अन् 'पुरे'.

लोक विचारतात, वस्ताद व्हायले काय लागते? मी मिशीवर हात फिरवून सांगत आलो — मनगट लागते, दूध लागते, बैठका लागतात. सांगाले काय जाते? खरं तं आपल्या पट्ट्याखाली निजणारा एक माणूस लागते. मनगट मले होतं. माणूस नव्हता. माझी पाळी आली तवा भाऊ महादेवरावाले ऐन वक्तावर आठवलं, बैल आजारी आहे. साळा म्हणे पोटात कळ आली — पोट वाचवाले पोटाचंच निमित्त! शिष्य सारे एकमेकाच्या मागं. घरची मंजुळाबाई म्हणे, "ठेवा माझ्या पोटावर, तुमच्या त्या दोन शब्दांची धार रोजच सोसून राह्यली मी." बाईमाणसाले आखाड्यात येता येत नाई, म्हणून तेवढी तरी अब्रू वाचली. अन् तू आला. पोळ्याच्या तोरणाखाली कोणाची जोडी आधी, यावरून आपलं बोलणं बंद, विहिरीवर बी पाठ फिरवायचा तू — तू आला, कुडतं काढलं, निजला. बोलणं भाग होतं, म्हणून शिव्या दिल्या. माझ्या बैलाले, माझ्या मिशीले, माझ्या बापाच्या नाकाले. मी त्या शिव्यांवर नेम धरला. निंबू कापलं, तू उठला, माती झटकली, निघून गेला. फेटा मले बांधला. लोक म्हणे, काय मनगट! हाव, मनगट.

तवापासून तुझं ते निजणं माझ्या आंगावर आहे. दाणे मोजून फिटन असं कर्ज नाई ते, निजण्याले निजणंच लागते. गावात छाती काढून चालायचो — तू समोरून आला की छाती आपोआप आत. अन् काल, या पिकल्या वयात, तू दारात उभा — "उद्या माझी पाळी." एवढंच. मी म्हणलो, "हाव." मोठ्या रुबाबात. तू वळला अन् मी गोठ्यात. निंबू ठेवून निजून पाह्यलं. पोट हालते बे! निंबू घरंगळलं, गाईनं खाल्लं. मंजुळाबाई दारातून म्हणे, "पोट आहे का भजनाची ढोलकी?"

जरा डाव्या आंगाले — लय नको — हां. पट्ट्याचा वारा लागून राह्यला नाकाले. थांब— नाई, नाई! थांब म्हणलो नाई मी! देऊळघाटकर, खोकला होता तो. निजणाऱ्यानं थांबवलं तं फेटा परत जाते, माहीत आहे मले. पाय आखडले ते थंडीनं. असते श्रावणात थंडी, म्हाताऱ्याले असते. तू घाबरू नको. मी बी... शिव्या देणार होतो तुले, रातभर जुळवल्या होत्या, चांगल्या होत्या. देववत नाईत. इतकी वर्षं वाटे, कोणाशी तरी बोलावं — म्हणजे कोणाशी बी नाई, तुझ्याशी — अन् आज बोलाले भेटला, तं रिवाजानं मुका.

बस. तोंड इथं आहे, पोट तिथं आहे. आता मी गप झालो की मार.

—

बांधा त्याले फेटा.

पुंज्या, फिटलं.