बसथांब्यावरचा बिघाड

—नाही नाही, उठू नका ऑडवार, बसा. त्याच खुर्चीवर बसा, तुमचीच झालीय ती आता. कॉफी घ्या. गाडीला हे यंत्र जोडलंय ना, ते काय म्हणतंय ते वाचून होईपर्यंत कुणी कुठे जायचं नाही. तोंड एवढंसं कशाला करताय? कोड तोच. पी शून्य सात वीस. फेब्रुवारीत तोच, मार्चमध्ये तोच, आज पाचव्यांदा तोच — गिअरबॉक्सवर वेग मोजणारा सेन्सर असतो, त्याच्याकडून निरोप येत नाही, मग गाडी घाबरते आणि तिसरा गिअर धरून बसते, सोडतच नाही. पाठ झालं असेल तुम्हाला. मागच्या वेळी तर मी वाचायच्या आधी तुम्हीच म्हणालात, "गुनवोर, सात-वीसच असेल." मी म्हटलं, वा! बत्तीस वर्षं फेरीबोट चालवलेला माणूस, आता गिअरबॉक्सचीही नाडी ओळखायला लागला.

तर ऐका. सकाळी तुमच्या सिनोवेचा फोन आला होता. हो, बर्गनहून, थेट मला. काळजीत आहे पोरगी. "बाबा एकटे, तो समुद्राखालचा बोगदा, तो चढ, मध्येच गाडी अडली तर? तुम्ही फक्त एवढं सांगा की गिअरबॉक्स गेलाय — मी ही गाडी भंगारात देते आणि शनिवारी त्यांच्या दारात बॅटरीवरची नवी गाडी उभी करते." शनिवारी! आहात कुठे? आणि त्या बॅटरीवाल्या गाडीत बिघडायला काय असतं, सांगू? काही नसतं. बदलायला गिअरच नाहीत, तर सात-वीस कुठून आणणार? माझ्या गॅरेजची अर्धी गिऱ्हाइकं तशीच गेली, वर्ष वर्ष तोंड दाखवत नाहीत. अकरा वाजता परत फोन करणार आहे ती — "तेव्हा खरं काय ते सांगा," म्हणाली. किती वाजले? पावणेअकरा. म्हणजे खरं काय ते ठरवायला पंधरा मिनिटं आहेत आपल्याकडे.

म्हणून आज मी पुढचं पान उघडलं. यंत्र नुसता कोड ठेवत नाही, कोड पडला त्या क्षणी गाडीचं काय चाललं होतं तेही लिहून ठेवतं. आधी कधी उघडलं नव्हतं मी — म्हणजे उघडलं होतं, तुम्हाला दाखवलं नव्हतं. चष्मा लावा. वेग — शून्य. इंजिन — बंद. आता मला सांगा, उभ्या गाडीच्या वेगात काय बिघडतं? आणि हा किलोमीटरचा आकडा, बिघाड झाला तेव्हाचा. हा माझ्या दारात येऊन थांबलात तेव्हाचा. फरक किती? चारशे मीटर. मागच्या गुरुवारी? चारशे मीटर. त्याच्या आधी? तेच! अख्खा बोगदा उतरते, चढते, हूं की चूं नाही, आणि इथून चारशे मीटरवरच्या त्या बसथांब्यापाशी आली की जीव टाकते. तेही दर वेळी गुरुवारीच. गाडी कॅलेंडर बघते का हो? की दारावरची पाटी वाचते — 'गुरुवारी वॉफल'?

कान लाल झाले तुमचे. असू दे, खा. जॅम हवाय की तपकिरी चीज? दोन्ही. माहितीच होतं. हसत नाहीये मी. बरं, हसतेय. अहो, आपल्याकडची रीतच मेली अशी — कुणाच्या दारात जायचं तर हातात काम पाहिजे. शिडी मागायला जा, करवत परत द्यायला जा, नुसतं 'आलो सहज' म्हटलं की समोरच्याला वाटतं कुणी मेलं की काय. आमचे हे गेले, त्याच्या दुसऱ्या आठवड्यात तुम्ही आलात तेसुद्धा काय म्हणून? तर 'फेरीबोटीवर तुमची छत्री राहिली होती.' छत्री! आपल्या वाऱ्यात छत्री वापरतो कोण? ती आमची नव्हतीच. आहे माझ्याकडे अजून. सहा वर्षं झाली.

पण एक सांगू, हे आता पुरे. सेन्सरचा प्लग असा सारखा हातानं उपटला की पिना सैल होतात — ही बघा, वाकलीय. एखाद्या दिवशी खरंच बोगद्यात, त्या उभ्या चढावर, मागे मासळीचे ट्रक, आणि गाडी तिसऱ्यात अडकली, मग? मला नाही चालायचं ते. सरळ सांगते. त्या बोगद्यातून तुम्ही वर आलात की नाही, याच्याकडे माझं — जाऊ दे. म्हणून आज प्लग धरून ठेवणारी ही क्लिप बसवतेय. पहिल्या वेळी बिघाड खरा होता, क्लिपच तुटली होती. काय? हो, कॉफीच्या डब्यातून काढली. फेब्रुवारीपासून तिथेच होती. नाही हो, विसरले नव्हते. क्लिप लावली की प्लग हातानं निघत नाही, बारीक स्क्रू-ड्रायव्हर लागतो, आणि तुमची ती आखडलेली बोटं, त्या गारठ्यात दहा दहा मिनिटं खटपट करताना बघवत नाही —

कुठून बघितलं म्हणजे? यंत्रात दिसतं. नाही दिसत? बरं, नाही दिसत. वरच्या माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो बसथांबा दिसतो. स्वच्छ. झालं समाधान? बॉनेट वर गेलं की मी वॉफलचं यंत्र लावते, तापायला तेवढाच वेळ लागतो. आणि पाटीकडे काय बघताय? तुम्ही दुसऱ्यांदा गुरुवारी आलात, त्यानंतर लावलीय ती. गॅरेजात वॉफल कधी मिळत होते इथे?

टिक्. ऐकलंत? बसली. आता कुणाच्या बापाला निघायची नाही.

फोन. थांबा, मी घेते. — हं, सिनोवे. हो, तपासली. गिअरबॉक्स? ठणठणीत आहे, अजून दहा वर्षं मरत नाही. प्लग सैल होता नुसता. हो, पाचही वेळा. नाही गं, चूक माझीच, क्लिप तेव्हाच लावायला हवी होती. नाही, पुन्हा नाही होणार, मी सांगते ना. भंगारात? मुळीच नाही. बाबा? इथेच आहेत, पण त्यांना बोलता यायचं नाही, तोंडात वॉफल आहे. ठेवते.

तर ही घ्या चावी. आता तुमचं माझ्याकडे काही म्हणजे काही काम उरलेलं नाही. निघा. बाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर येऊन थांबलाय. पुढच्या गुरुवारी यायचं असलं तर रिकाम्या हातानं या, आणि इथे ग्रीसच्या वासात बसायला नाही, वर या, माणसासारखे. नाही, छत्री परत न्यायलासुद्धा नाही. काहीच कारण सांगायचं नाही. जमेल? मग जा आता. — दार तिकडे आहे, ऑडवार. हा जिना आहे. अहो, पुढच्या गुरुवारी म्हटलं मी! बूट काय काढताय आत्ताच?

...

वर्तमानपत्रावर ठेवा. ओले आहेत.