चिरा मारलेला बांगडा

...नाही, मला एक सांगा, चिरा मारलेला मासा पोहतो का? पोट साफ केलेलं, अंगावर तीन-तीन तिरक्या चिरा, मसाला भरायला एकदम तयार, आणि आमचे बाबा पिशवी ओट्यावर आपटून म्हणतात, "घे! तासाभरापूर्वी गळाला लागलेत. आठ झाले असते, दोन सुटले." सुटले! चिरांसकट सुटले असतील, नाही का? बरं, मासा कोणता? बांगडा. समुद्रातला! आणि बाबा गळ टाकून बसतात ते आमच्या गावाबाहेरचं तळं. कंबरभर गोडं पाणी, चार बदकं, आणि समुद्र तिथून आगगाडीनं सात तासांवर! आता मी काही बोललो? नाही बोललो.

आणि मी न बोलणं म्हणजे काय ते तुम्हाला कळायचं नाही, कारण तुम्ही मला ओळखत नाही. इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडून घरी आलो ना, तेव्हा सगळ्या वडीलधाऱ्यांना एका सोफ्यावर बसवून सांगितलं होतं, की तुम्ही आयुष्यभर नावडती कामं केलीत आणि त्याला जबाबदारी म्हणालात, मला स्वयंपाक आवडतो, मी स्वयंपाकी होणार. आईनं डोळ्याला पदर लावला. बाबा गळ घेऊन तळ्यावर गेले. आणि मोठे काका, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, हेडक्लार्क होऊन निवृत्त झाले तरी यांची प्लॅस्टिकची फाइल अजून काखेतून निवृत्त झालेली नाही, त्यांनी त्या फाइलीतून फेरप्रवेशाचा फॉर्म काढला. माझं नाव भरून! फक्त सही बाकी!

तर तुम्हाला सांगतो, कोपऱ्यावरच्या खानावळवाल्या मावशी मला घ्यायला तयार होत्या. अट एकच, "घरच्यांचा होकार आण. तुमची भांडणं माझ्या दारात नकोत." आणि घरचे म्हणजे कोण? काका! ते काय म्हणाले? (घसा खाकरून, चष्मा नाकावर आणून...) "हे पाहा, तुझं तत्त्व काय? या दिवसांत जे उगवतं आणि इथल्या पाण्यात जे पोहतं, तेच शिजवायचं. उत्तम! रविवारचं जेवण तू कर. मासे तुझे बाबा आणतीलच. ताटात बर्फातलं, डब्यातलं, लांबून आलेलं काही सापडलं, तर जेवण झाल्यावर सही. नाही सापडलं, तर सोमवारपासून खानावळ."

मी म्हटलं, मंजूर! थंडीचे दिवस, पहाटे सायकल मारत मळ्यावर गेलो. कांद्याची पात आणली, अजून दव होतं हो तिच्यावर! कोवळा मुळा, पाल्यासकट. लिंबं शेजारच्या झाडाची. हिरवे वाटाणे तर मी शेंगा चाखून-चाखून घेतले, मळेवाली ओरडली, "निम्मे इथंच खाणार असशील तर ताट इथंच लाव!" सगळं कसं जमून आलेलं... आणि अकरा वाजता ओट्यावर काय? चिरा मारलेले सहा बांगडे! एकाच्या कल्ल्यात बर्फाचा खडा, अजून न विरघळलेला! आजवर पिशवी आईच उघडायची, मला काय ठाऊक!

आता करायचं काय? खरं सांगावं, तर अकरा वर्षं 'गळाला लागलेले' मासे घरी आणणाऱ्या बाबांची अब्रू जाते आणि माझी खानावळही जाते. न सांगावं, तर ज्या खोटेपणाबद्दल मी या माणसांना सोफ्यावर बसवून झाडलं, तोच मी फोडणीला घालतोय! आणि बाबा दारात उभे, टोपी फिरवत, "कसे आहेत?" विचारतात. मी काही बोललो? नाही बोललो. म्हटलं, "ताजे आहेत." जीभ झडली नाही माझी!

मग काय, लिंबू चोळलं, आलं-लसूण वाटून त्याच चिरांत भरलं, आयत्याच होत्या! तव्यावर खरपूस केले, वर पात भुरभुरली. वाटाण्यांचा रस्सा, मुळ्याच्या पाल्याची भाजी, भात. सगळ्यांची पानं एकदमच मांडली. काका पहिला घास घेऊन डोळे मिटतात, "अहाहा! ही खरी तळ्याच्या पाण्याची गोडी! बाजारातल्या माशाला येईल?" मी काही बोललो? नाही बोललो. ताटाशेजारी ती फाइल होती ना!

आणि तेवढ्यात आमचे दाजी! ताईचं लग्न होऊन दोनच महिने झालेत, माणूस समुद्राकाठचा, मनानं निर्मळ, अकलेनं त्याहून निर्मळ. काटा काढत म्हणतात, "पण बाबा, बांगडा तर समुद्रात असतो ना?"

ताईनं टेबलाखालून दाजींना लाथ मारली, ती मला लागली. बाबांचा घास हातातच. कान लाल. आणि तुम्हाला सांगतो, काय झालं मला कोण जाणे, मी बोललो! म्हटलं, "बाबांनी तळ्यातलेच आणले होते. माझ्या हातून करपले. हे मी बाजारातून आणले, बर्फातले."

काकांनी शांतपणे फाइल उघडली. फॉर्म. पेन. टोपण काढून! मी हात पुढे केला, आणि बाबा म्हणाले, "थांब, दादा. मीच आणले. बाजारातून. अकरा वर्षं बाजारातूनच आणतोय. मला एकदाही मासा लागलेला नाही."

आता वाटलं, आभाळ कोसळणार! तर कुणी मान वर करेल? आई म्हणाली, "माहीत आहे हो. भात घ्या. मासेवाली दर वेळी मलाच विचारते, साहेबांना चिरा तिरक्या हव्यात की आडव्या." काका म्हणाले, "मला पहिल्या वर्षापासून माहीत आहे." पहिल्या वर्षापासून! म्हणजे पैज लावतानाच यांना ठाऊक होतं मी हरणार! वडीलधारी माणसं ही! मी ओरडलो, "मग मलाच का नाही सांगितलं?"

"तुझ्या पोटात काही राहतं का?" आई.

काका माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "आज राहिलं की." आणि तो फॉर्म ताटाशेजारी पसरून त्यावर काटे काढून ठेवायला लागले. "आणखी एक वाढ. शेपटीकडचा."

सोमवारपासून खानावळीत आहे. रविवारी सुट्टी. सुट्टी कसली! बाबांनी आता खरोखरचा मासा धरायचं मनावर घेतलंय, आणि सोबतीला मी. उजाडल्यापासून तळ्याकाठी. बदकंही आता ओळखून हसतात. परवा साडेअकरा झाले, गळ हलेना. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. म्हणाले, "बाजार एकपर्यंत उघडा असतो..."

मी काही बोललो? नाही बोललो. पिशवी उचलली, निघालो. फक्त मासेवालीला सांगितलं, बाई, निदान चिरा तरी मारू नका.