गार डबी

बाहेर शिकून कोल्हापुरात परतले तेव्हा वाटलं होतं, माझ्या वीज वाचवणाऱ्या सर्किटला लोक डोक्यावर घेतील. पहिलंच गिऱ्हाईक, इचलकरंजीचे मागवाले रफिकचाचा, माझं सर्किट बसवलेली डबी दुसऱ्याच दिवशी परत घेऊन आले. सूत तुटलं की माग थांबवणारी डबी ती. जुन्या डबीतला ऑप-अँप, म्हणजे बारीक सिग्नल मोठा करणारी चिप, गरजेपेक्षा फार वेगवान होता, नुसता बसूनही करंट खायचा आणि तापायचा. मी संथ, कमी खाणारा घातला होता.

"पोरी, मेलीय की ही!"

"चालू आहे, चाचा."

"हात लाव. गार हाय. कामगार हिच्यावर माग चालवंनात. जुनीच बसवतो."

"गार आहे म्हणजेच ठणठणीत आहे!"

"ठणठणीत माणूस गार असतंय व्हय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठरवलं, डबीवर मोठा लाल दिवा लावायचा. चाचा खूश झाले. वाचवलेली सगळी वीज आता तो दिवा खातो.