आजीच्या चपलांचा दाब

दर्यापूरहून अकोल्याला निघालेल्या जीपमध्ये दोघांच्या जागेत आम्ही चौघे होतो. दाबाचा विषय निघायला जागा अगदी योग्य होती. शेजारी शाळेच्या ड्रेसमधली आकांक्षा आणि तिचे आबाजी बोलत होते.

"घरातल्या सगळ्यांचा जमिनीवरचा दाब काढून आणा म्हणे मॅडम. आजच द्याचा हाय. वजन भागिले पायाचं क्षेत्रफळ."

"आजीचा काढला काय?"

"आजी वारली ना, आबाजी."

"म्हणून काय घरातली नाही? तिच्या चपला दारात हायेत ना अजून."

"त्या ग्राफपेपरवर ठेवून आखल्या मी. क्षेत्रफळ निघालं. पण वजन कोठून आणू?"

"अडुसष्ट किलो लिही. पावसात काळ्या मातीत तिचं पाऊल असं खोल रुते, का मी मांगून तिच्याच खड्ड्यात पाय ठेवत जाओ."

"मॅडम म्हणतीन, माणूस नाही तं दाब शून्य."

"शून्य? मंग चपला काहून झिजून राहिल्या?"

"हो ना! आई मलेच बोलते. म्हणते, तूच घालतं."

"आईले सांग, तुले बोलू नको म्हणा."

"आबाजी?"

"सकाळी दुधाले जातो ना मी. अंधार असते. कोणी पाहत नाही."

"तुमाले बसतात?"

"टाच बाहेर राहते."

"मंग वजन तुमचं लिहा लागन."

"लिही. नाव तिचंच ठेव."